"मी काय करूक नाय" म्हणण्याआधी: घरच्या कॉम्प्युटरात आणि फोनात व्हायरस शिरू नये म्हणून काय करायचं

माझं दुकान मालवण तालुक्यात, एसटी स्टॉपच्या समोर. पुढे झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाईन फॉर्म आणि मागच्या टेबलावर कॉम्प्युटर रिपेरिंग. त्या मागच्या टेबलावर जी मशीन येते तिच्यासोबत एक वाक्य हमखास येतं, "मी काय करूक नाय रे, आपोआप झाला." मी मान हलवतो, मशीन चालू करतो, डाउनलोड्स फोल्डर तारखेप्रमाणे लावतो आणि बहुतेक वेळा दोन मिनिटात कळतं की काय काय "करूक नाय" ते. गेल्या मंगळवारी विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालू करणारा कुठला तरी ॲक्टिव्हेटर उतरवला, बुधवारी तो चालवला, गुरुवारपासून मशीन रडतेय.

तर हे लिहायचं कारण तेच. शंभरातल्या बहुतेक मशीनमध्ये घाण दोनच प्रकारे शिरते, एक तर आपल्याच हाताने कुठेतरी "येस" दाबलेलं असतं नाहीतर आपल्याच हाताने महिनोन्महिने "रिमाइंड मी लेटर" दाबलेलं असतं. या दोन बटणांवर हात सांभाळला की माझं मागचं टेबल अर्धं रिकामं होईल, होऊदे, मला झेरॉक्सचं काम पुरेसं आहे.

पहिलं काम आजच करा, अर्धा मिनिट लागतो. फाईल एक्सप्लोरर उघडा, वर व्ह्यू आहे त्यात जा, विंडोज ११ असेल तर पुढे शो, आणि तिथे "फाईल नेम एक्स्टेंशन्स" वर टिक करा. विंडोज मुळातच फाईलचं शेपूट लपवून ठेवतं, म्हणजे नाव "वीजबिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" असलं तरी तुम्हाला दिसतं नुसतं "वीजबिल डॉट पीडीएफ", आणि चिन्ह तर काय कुठलंही लावता येतं. ही युक्ती नवी नाहीये हां, मे २००० मध्ये फिलिपिन्समधून सुटलेला तो आय लव्ह यू वाला व्हायरस असाच फिरला. मेलसोबत प्रेमपत्र म्हणून एक फाईल यायची, नावात टीएक्सटी दिसायचं आणि खरं शेपूट व्हीबीएस, म्हणजे चालणारा प्रोग्राम. जगभरातल्या ऑफिसातल्या शहाण्या माणसांनी उघडली. एवढी वर्षं झाली तरी विंडोजने ती सेटिंग तशीच लपवलेली ठेवलीय, याचा मला अजून राग येतो. शेपूट दिसायला लागलं की मग साधा नियम, बिल, पावती, फोटो, पत्रिका, ऑर्डर यांचं शेपूट ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस, जेएस, बीएटी, एमएसआय असूच शकत नाही. असलं तर ते बिल नाही.

आता क्रॅक, म्हणजे विकतच्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडून फुकट केलेली चोरटी कॉपी. हा विषय काढला की लोक नजर चुकवतात. फुकटचं ऑफिस, फुकटचं फोटोशॉप, डीटीपीवाल्यांचे मराठी फॉन्ट, आणि पोरांचे गेम. त्या क्रॅकसोबत एक टेक्स्ट फाईल असते आणि तिच्यात पहिली ओळ काय, तर "आधी अँटीव्हायरस बंद करा". म्हणजे चोर दारात उभा राहून सांगतोय की काका जरा कुत्रा बांधून ठेवा, आणि आपण उठून बांधतो! सगळ्याच क्रॅकमध्ये व्हायरस असतो असं नाही, पण कुठल्यात आहे ते बघायचं साधन तुम्ही आधीच बंद केलेलं असतं. आणि आजकालची घाण मशीन बंद पाडत नाही, ती गप्प बसते, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उचलते आणि पाठवून देते, मशीन एकदम मस्त चालत असते. तुम्हाला कळतं ते दोन आठवड्यांनी फेसबुक हातचं गेल्यावर. पत्र टाईप करायला, बिलं करायला लिब्रेऑफिस फुकट आहे आणि कायदेशीर आहे, मराठी टायपिंगला विंडोजमध्येच फोनेटिक कीबोर्ड आहे, लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी ॲड करा, वेगळं काही उतरवायची गरज नाही. जे उतरवायचं ते त्या कंपनीच्या स्वतःच्या साईटवरून, आणि गुगलला शोधलं की सगळ्यात वर जे "स्पॉन्सर्ड" लिहिलेलं येतं ते सोडून खालचं बघा, वरची जागा पैसे देऊन कुणालाही घेता येते.

पेनड्राईव्हबद्दल बोलताना आधी माझा गुन्हा कबूल करतो. काही वर्षांपूर्वी माझ्या पुढच्या काउंटरवरची प्रिंटवाली मशीनच शॉर्टकट व्हायरसने, म्हणजे खऱ्या फाईली लपवून त्यांच्या जागी बाणवाली खोटी चिन्हं ठेवणाऱ्या व्हायरसने, भरलेली होती आणि मला पत्ताच नव्हता. दहावीच्या पोरांचे प्रोजेक्ट, भजनी मंडळाचं हँडबिल, सोसायटीचा अहवाल, जो पेनड्राईव्ह लागेल तो घाण घेऊन घरी जायचा, आणि मग तीच माणसं दोन दिवसांनी घरची मशीन घेऊन माझ्याकडेच रिपेरिंगला यायची, मी पैसे घेऊन साफ करून द्यायचो. एका शाळेच्या बाईंनी हळूच विचारलं, "तुमच्याकडून प्रिंट काढली की असं होतं का हो?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लाज वाटली खूप. पुढच्या पंधरा दिवसात जेवढे आठवले तेवढ्यांना फोन करून पेनड्राईव्ह मागवले आणि फुकट साफ करून दिले.

त्या दिवसापासून मी हे फळमाशीसारखं समजावतो. बागेत पडलेले आंबे उचलले नाहीत, तिथेच कुजू दिले, की माशी तिथेच वाढते आणि मग ती काय तुमच्या गडग्याच्या आतच राहते काय? शेजाऱ्याने सापळे लावले असतील तरी त्याचा आंबा जातो तो तुमच्यामुळे. लोक म्हणतात माझ्या मशीनमध्ये चोरण्यासारखं आहे काय, चार आंब्याची बिलं. अहो पण चोराला तुमची बिलं नकोच असतात पुष्कळदा, त्याला तुमची मशीन हवी असते, तुमच्या नावाने मेल पाठवायला, तुमच्या नेटवरून दुसऱ्यावर हल्ला करायला, तुमच्या ओळखीच्या माणसांना फसवायला.

तर पेनड्राईव्ह. लावल्या लावल्या आपोआप काही चालू होण्याचे दिवस गेले, मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये जुन्या विंडोजलाही अपडेट देऊन ते बंद केलं. म्हणजे आता तो शॉर्टकट व्हायरस चालतो तो आपण डबल क्लिक केल्यावरच. पेनड्राईव्ह उघडलात आणि आत तुमच्या फाईलींऐवजी सगळ्यांवर छोटे बाण दिसले, किंवा पेनड्राईव्हच्या आत पेनड्राईव्हच्याच नावाचं एक चिन्ह दिसलं, तर हात मागे घ्या. बाणावर क्लिक करायचं नाही. फाईली गेलेल्या नाहीत, लपवलेल्या आहेत. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन हिडन फाईल्स दाखवा, आणि त्याच्याच खाली "हाईड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाईल्स" ची टिक काढा, मग बऱ्याचदा एक बिननावाचं फोल्डर दिसतं, तुमचं सगळं त्यात असतं. त्यातले फक्त तुमचे कागद आणि फोटो कॉपी करून घ्या, स्कॅन करा, पेनड्राईव्ह फॉरमॅट मारा, आणि ती टिक परत लावून ठेवा नाहीतर पुढच्या वेळी कुणीतरी विंडोजचीच फाईल डिलीट करेल. आणि मशीन पण स्कॅन करा, नुसता पेनड्राईव्ह साफ करून उपयोग नाही. त्याहून सोपं म्हणजे माझ्यासारख्याच्या दुकानात पेनड्राईव्ह आणूच नका, पीडीएफ करून मेल करा. व्हॉट्सॲप वेब लावलंत तर निघताना फोनमधून लॉगआऊट करा, दरवर्षी निदान दहाजण लॉगिन तसंच ठेवून एसटी पकडतात.

अँटीव्हायरस कुठला घेऊ, हा प्रश्न रोज. विंडोजसोबत येणारा डिफेंडर चालू आणि अपडेटेड असेल तर घरच्या वापराला पुरतो असं माझं मत, कुणाला विकतचाच हवा असेल तर पुण्याचा क्विक हील आहे, घ्या, पण दोन-दोन अँटीव्हायरस एकत्र घालू नका, ते एकमेकांशीच भांडत बसतात आणि मशीन बैलगाडी होते. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र म्हणून आहे, २०१७ मध्ये चालू झालं, सर्ट-इन ही सरकारचीच सायबर सुरक्षा संस्था ते चालवते, तिथे साफसफाईची टूल्स फुकट मिळतात.

अपडेटचं मात्र जरा बसून ऐका. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय आला, फाईली कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये पैसे मागणारा, ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांपर्यंत सगळी बोंब झाली. त्याला कुणी क्लिक करायची गरज नव्हती, एका मशीनमधून दुसरीत नेटवर्कवरून स्वतःच घुसायचा. म्हणजे हा खरा आपोआपवाला. पण ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेलं होतं, जवळपास दोन महिने आधी! ज्यांनी "लेटर, लेटर" केलं त्यांच्या घरात तो आला.

यावर कुणीतरी म्हणणार की अरे अपडेटमधूनच व्हायरस आलाय की. आलाय, बरोबर आहे. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या म्हणून आला तो युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला, आणि त्याचा फटका आपल्या कोकणात येऊन बसला, उरणला न्हावा-शेव्याच्या बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या ग्रुपचं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनर अडकले. पण आत शिरल्यावर तो एका मशीनमधून दुसरीत पसरला कसा, तर एक तेच मार्चमधलं भोक, आणि दुसरं म्हणजे मशीनमधले पासवर्ड उचलून. एखाद्या वेळी सगळं नीट करूनही माणूस सापडतो, त्याला इलाज बॅकअप, त्याच्याकडे येतोच. त्यासाठी अपडेट बंद ठेवणं म्हणजे एकदा माश्याचा काटा लागला म्हणून जेवणच सोडण्यातला प्रकार.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे मला माहितीये. नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, रेंज माडाच्या विशिष्ट बाजूलाच, लाईटचा भरवसा नाही, त्यात अपडेट दोन जीबीचं. तर असं करा, आठवड्यातला एक दिवस ठरवा, लॅपटॉप पूर्ण चार्ज, डेटा शिल्लक असेल तेव्हा रात्री सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटला जाऊन स्वतः चालू करा आणि झोपा. जूनमध्ये गडगडायला लागलं की करू नका, आणि पीसीला यूपीएस नसेल तर अपडेट चालू असताना लाईट जाणं फार वाईट. एक आणखी, विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. दहावाल्यांना नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेटची वाढीव मुदत आहे, अपडेटच्या पानावरच त्याची लिंक दिसते. मशीन जुनी असेल, अकरा चालत नसेल, आणि काम फक्त ब्राउझर आणि बिलांचं असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका, तीही मशीन चालवणारी सिस्टीमच, फुकट आहे. माझ्या काकांना टाकून दिलंय, ते अजून त्याला विंडोजच म्हणतात.

आता फोन, कारण हल्ली कॉम्प्युटरपेक्षा जास्त राडा फोनवर आहे. मे महिना, लग्नसराई, व्हॉट्सॲपवर ओळखीच्या नंबरवरून "आमच्या लग्नाला यायचं हं" आणि खाली फाईल, शेपूट एपीके. कधी आरटीओचं चलन म्हणून, कधी पीएम किसानची यादी, कधी लाईट बिल भरलं नाही आज रात्री कनेक्शन कापणार. लग्नाची पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ असते, फार तर व्हिडिओ. एपीके म्हणजे ॲप. ते टाकलं की आधी एसएमएस वाचायची परवानगी मागतं, मग ॲक्सेसिबिलिटी मागतं, आणि दोन्ही दिलं की तुमचे ओटीपी त्याला दिसतात आणि स्क्रीनवरची बटणं तुमच्याऐवजी ते दाबू शकतं. पुढे हीच पत्रिका तुमच्या नंबरवरून सगळ्या ग्रुपवर जाते, वाडीतल्या, माहेरच्या, मुंबईच्या मंडळाच्या. लोक उघडतात कारण तुमचं नाव बघून उघडतात.

एका काकींच्या फोनवर हे झालं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "अरे पण पत्रिका माझ्या भाच्यान धाडल्यान." भाच्याने धाडली नव्हती, भाच्याच्या फोनने धाडली होती. म्हणून ओळखीच्या माणसाकडून आली असली तरी फोन लावून विचारायचं, तू खरंच पाठवलंस का. मेसेज करून नाही, फोन करून, कारण मेसेजला उत्तर देणारा चोर असू शकतो.

सेटिंग सांगतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये वर शोधायच्या जागी "अननोन ॲप्स" टाका, "इन्स्टॉल अननोन ॲप्स" येईल, तिथे व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल मॅनेजर, सगळ्यांना बंद करा. मग चुकून बोट लागलं तरी फोन अडवतो. प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट चालू आहे का बघा. आईबाबांचा फोन हातात घेऊन हे तुम्हीच करा, फोनवरून समजावत बसू नका, गणपतीत घरी आलात की आरती आणि जेवण यांच्यामध्ये वेळ असतोच.

आणि टाकलंच गेलं तर? पहिलं नेट बंद, सरळ एअरप्लेन मोड. सिम काढून साध्या फोनमध्ये घाला. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला लावून खातं, कार्ड, यूपीआय बंद करायला सांगा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन, आणि सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार. इथे तासांचा हिशोब असतो, पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आधी अडवता आले तर आले, म्हणून उद्या सकाळी बघू करू नका, लाज वाटते म्हणून घरात लपवू तर अजिबात नका. त्यानंतर फोनमधले फोटो दुसरीकडे कॉपी करून फोन फॅक्टरी रिसेट, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा, आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या स्वच्छ फोनवरून. त्याच फोनवरून बदलाल तर नवीन पासवर्डही त्याला आयता.

वेबसाईटच्या दोन गोष्टी पटकन. स्क्रीनभर लाल पान, सायरन, "तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला, या नंबरवर कॉल करा", हा नुसता देखावा आहे. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, परत उघडताना जुनी पानं रिस्टोर करू नका. नंबर लावू नका, कुणाला एनीडेस्क, म्हणजे लांबून तुमची मशीन चालवायचं ॲप, देऊ नका. दुसरी गोष्ट नवी आहे आणि जास्त वाईट आहे, "मी रोबोट नाही" अशी चौकट येते आणि सांगते की विंडोज की आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. ते पान तुमच्याच हातून तुमच्याच मशीनला हुकूम सोडायला लावतं. खऱ्या कॅप्चात गाड्या नाहीतर सिग्नल ओळखायचे असतात, कीबोर्डची असली कवायत कुठलीच धड वेबसाईट करायला लावत नाही.

तारकर्ली, देवबागच्या होमस्टेवाल्यांनो, तुमच्यासाठी एक. कॅमेरे लावता, राउटर लावता, पासवर्ड ॲडमिन-ॲडमिन तसाच. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने असेच कॅमेरे आणि राउटर फॅक्टरीच्या पासवर्डांनी उघडून हजारोंची फौज केली आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठ्या साईट बंद पाडल्या. कॅमेऱ्याच्या मालकांना कळलंही नाही, कॅमेरा चालू होता ना. तेव्हा बसवणारा माणूस जायच्या आधी त्याच्यासमोरच पासवर्ड बदला, आणि पाहुण्यांना गेस्ट वायफाय वेगळं द्या, बिलांची मशीन त्यावर नको.

घरात एकच मशीन आणि चार माणसं वापरत असतील तर पोरांना ॲडमिन अकाऊंट देऊ नका, स्टँडर्ड युजर करून द्या, काही इन्स्टॉल करायचं झालं की पासवर्ड विचारेल आणि पासवर्ड तुमच्याकडे. खरं तर तुम्ही पण रोजचं काम स्टँडर्डवरूनच करा. कंटाळवाणं आहे, पण तेवढ्या कंटाळ्यात माणूस एक सेकंद विचार करतो.

बॅकअप. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारी ठेवलेली बॅकअपची हार्डडिस्क दोन्ही एकाच पाण्यात बुडायला वेळ लागत नाही हे कोकणाने बघितलंय. फाईली कुलूपबंद करणारा व्हायरस तसाच, डिस्क कायम लावून ठेवली असेल तर तीही त्यात जाते. म्हणून बॅकअप घेतला की डिस्क काढायची, आणि एक कॉपी घराबाहेर. क्लाऊडला आपलं नेट पुरत नाही, त्याला माझ्याकडे कोकणी इलाज आहे, दोन डिस्क घ्या, एक घरी, एक मुंबईच्या चाकरमानी भावाकडे. त्यांच्यावर पासवर्ड मात्र घाला. गणपतीला तो जुनी घेऊन येतो, नवी घेऊन जातो, मे महिन्यात आंब्याच्या पेटीसोबत परत अदलाबदल. आंब्याच्या सीझनची बिलं, गिऱ्हाइकांचे पत्ते, सातबारा, फोटो, एवढं त्यात असलं तरी पुष्कळ. आणि वर्षातून एकदा डिस्क उघडून फाईली खरंच उघडतात का ते बघा, रिकामी डिस्क तीन वर्षं जपून ठेवलेला माणूस मला माहिती आहे.

एवढं करूनही मशीन माझ्याकडे आणायची वेळ आली तर नेट काढून, बंद करून आणा, आणि काय दाबलं ते खरं सांगा, मी हसणार नाही. मला नीट कळलं तर अर्ध्या तासाचं काम, नाहीतर दिवस जातो शोधण्यात. आणि चार्जर आणा हो, काकानू. निम्मे लोक चार्जर घरीच विसरून येतात.